मेश्रामबाईंचं यान

परवा इथे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये दोन म्हातारे अक्षरशः हमरीतुमरीवर आले. एकाच्या हातात सूपचा वाडगा होता म्हणून निभावलं. भांडण कशावरून, तर एका सिनेमावरून. दोघांनी तो आयुष्यात एकदाच पाहिलेला, तोही पस्तीसेक वर्षांपूर्वी, शाळेच्या कॅफेटेरियात, ट्रॉलीवर ठेवलेल्या टीव्हीवर. एक म्हणे, असला भिकार सिनेमा उभ्या जन्मात पाहिला नाही. दुसरा म्हणे, तुझी अक्कल ट्रान्समिशनच्या पुढे कधी गेली नाही, तुला काय कळणार. मी मध्ये पडलो नाही. त्या सिनेमाचा कॅमेरामन मी होतो, त्यामुळे माझ्या मताला तसाही कुणी भाव दिला नसता.

सिनेमाचं नाव ‘पोच’. काढला मेश्रामबाईंनी.

शालिनी मेश्राम मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या. ऐंशीच्या दशकातलं नोव्हाय म्हणजे एक मॉल, चार रस्ते आणि बाकी सगळी शेतं. मराठी घरं मोजून वीस-बावीस. आम्ही सगळे एकाच वाटेने आलेलो: पुरुष आधी आला, गाड्यांच्या कंपनीत चिकटला, सुट्टीत जाऊन लग्न करून बायको घेऊन आला. मी गाडीच्या दाराच्या कड्या डिझाइन करायचो. शेजारचा सीटबेल्ट करायचा. आमच्या या रांगेत बाई एकट्या आल्या होत्या, आणि नवरा मागे ठेवून आल्या होत्या. नोकरीचा फॉर्म नवऱ्यानेच भरून दिला होता म्हणे. तो नागपुरात शाळेत गणित शिकवायचा, घरी त्याची आई होती, आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलींचा फुकट वर्ग घ्यायचा.

पहिल्यांदा त्या भेटल्या आमच्याकडच्या कोजागरीला. बायकांनी गराडा घातला. मिस्टर कुठे असतात? नागपूरला. येणार कधी? त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “विचारून राहिली नं मी.” आडनाव ऐकल्यावर एकदोघींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते आम्ही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तेवढं आम्हाला छान जमायचं. बाईंनीही पाहिलं होतं. त्यांनी सोबत आणलेल्या वडाभाताचं पातेलं उघडलं आणि पहिला डाव त्या दोघींच्याच ताटात वाढला. झणझणीत होता. दोघींनी डोळ्यांतून पाणी काढत संपवला आणि वर कृती विचारली.

समोरच्या माणसाची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायची बाईंना खोड होती. नमस्कार-चमत्काराच्या आधी हे. “हिमोग्लोबिन कमी दिसून राहिलं. पालक खाता का?” आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अण्णा सोहोनी, भारदस्त आवाजाचे गृहस्थ, कमिटीच्या मीटिंगमध्ये घटनेतलं कलम समजावून सांगत होते. बाई उठल्या, त्यांची पापणी ओढून बघितली आणि परत जाऊन बसल्या. कलम तिथेच राहिलं. पुढच्या आठवड्यात अण्णा गुपचूप लोहाच्या गोळ्या घ्यायला लागले हे त्यांच्या बायकोनेच आम्हाला सांगितलं.

काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: “तपासलं का?” अमक्याला कॅलिफोर्नियात जॉब लागला. तपासलं का? उद्या स्नो आहे. तपासलं का? माझी बायको सुनंदा म्हणायची, ही बाई देव भेटला तरी आधी त्याचं रक्त काढेल. पण सुनंदाचं आणि त्यांचं गूळपीठ होतं. शनिवारी दोघी लॉन्ड्रीला बरोबर जायच्या आणि कपडे वाळेपर्यंत अख्ख्या नोव्हायची धुलाई करून यायच्या.

आणि पत्रं. बाई नवऱ्याला पाठवायच्या त्या प्रत्येक निळ्या एरोग्रामवर, म्हणजे आंतरदेशीयच्या परदेशी भावंडावर, कोपऱ्यात नंबर टाकायच्या. नवराही टाकायचा. कारण पत्रं मागेपुढे पोचायची, आणि एकशे चौदावं आधी वाचलं तर एकशे तेराव्यातलं भांडण मिटलेलंच कळायचं, झालं कशावरून ते कळायचं नाही. शेवटी दोघांचीही ओळ एकच असायची: पत्र पोचल्याची पोच द्यावी. एकदा त्यांनी सासूबाईंचा ताप उतरला का म्हणून काळजीने विचारलं होतं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: कोणता ताप? बाई ते पत्र घेऊन आमच्याकडे आल्या आणि हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर पत्राची नीट घडी घातली. मग सुनंदाला म्हणाल्या, “यावर काहीतरी केलं पाहिजे.” आम्हाला वाटलं फोन करतील.

त्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं.

दरवर्षी गणपतीत मंडळाचं नाटक व्हायचं. तेच ते फार्सिकल, दोन दारं, तीन गैरसमज, पुरुषाला साडी. त्या वर्षी मीटिंगमध्ये बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, या वेळी मी सिनेमा करते. विज्ञानाचा आहे आणि प्रेमाचा आहे. अण्णांनी विचारलं, दोन्ही एकदम? बाई म्हणाल्या, हो, एकाच तिकिटात. कुणीतरी विचारलं, कॅमेरा? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीच्या वाढदिवसासाठी म्हणून मी खांद्यावर ठेवायचा व्हीएचएस कॅमेरा नुकताच घेतला होता, आणि घेतल्या दिवसापासून गावभर मिरवत होतो. आता भोगा.

गोष्ट अशी. एक डॉक्टरीण दूरच्या ग्रहाकडे निघालेल्या यानात एकटी आहे. नवरा पृथ्वीवर. दोघं रेडिओवर बोलतात. सुरुवातीला उत्तर लगेच येतं. मग मिनिटाने. मग तासाने. यान जितकं लांब जाईल तितका उशीर. ती विचारते जेवलात का, आणि उत्तर येतं तेव्हा तिकडे त्याची दुसऱ्या दिवशीची झोप झालेली असते. ती रागावते, आणि त्याच्यापर्यंत राग पोचेतो तिचा गेलेला असतो. शेवटी एक दिवस ती विचारते, तुम्ही येता का? मागून दुसरं यान निघणार असतं. आणि मग ती उत्तराची वाट बघत बसते; लिहिलं होतं त्यात शेवटी उत्तर येतं. बास. पृथ्वीवरचा नवरा पडद्यावर कुठेच नाही, नुसता त्याचा आवाज. डॉक्टरीण स्वतः बाईच.

यान आमच्या बेसमेंटमध्ये उभं राहिलं. घरातला सगळा अॅल्युमिनियम फॉइल भिंतींना, ड्रायरची वाकडी नळी छताला, भंगारवाल्याकडून आणलेला एका जुन्या गाडीचा डॅशबोर्ड समोर. इंजिनिअरांची फौज मदतीला आली आणि जो तो आपल्या खात्याचं लावून गेला. यानाला सीटबेल्ट होता. दाराला मी स्वतः डिझाइन केलेली कडी होती. एकाने डावी-उजवीकडे वळायचे इंडिकेटर बसवले. बाईंनी विचारलं, अवकाशात मागून कोण येऊन राहिलं? तो म्हणाला, कोणी नाही, पण सवय चांगली. इंडिकेटर राहिले.

नवऱ्याच्या आवाजासाठी अण्णा सोहोनी तयारच होते. मुंबईला असताना आकाशवाणीवर त्यांनी दोनदा श्रुतिका केली होती आणि ते आम्हाला दोनशे वेळा ऐकवलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. त्यांनी संवाद लिहून नागपूरला पाठवले होते. आवाज खऱ्या नवऱ्याचा.

दीड महिन्याने कॅसेट आली. एका रविवारी दुपारी आम्ही माझ्या बेसमेंटमध्ये बसून ती सिनेमाला जोडत होतो. दोन व्हीसीआर, मध्ये वायरींचं जंजाळ. विश्वनाथ मेश्राम सरांचा आवाज साधा होता, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा. मागे कुठेतरी सायकलची घंटा आणि कुकरची शिट्टी. पृथ्वीच ती, बाई म्हणाल्या, असू द्या. एकेक वाक्य बसत गेलं. शेवटचा प्रश्न आला: तुम्ही येता का? बाईंनी लिहिलेलं उत्तर होतं, ‘येतो.’ एवढंच.

कॅसेटवर सर खाकरले. मग म्हणाले, “शालू, हे वाक्य मी वाचत नाही. बाकी नाटक आहे, हे नाटक नाही. म्हटलं आणि नाही जमलं तर खोटं होईल.” पुढे कॅसेट कोरी होती.

मी बाईंकडे बघायचं टाळलं. वायर काढ, परत घाल, असं काहीतरी करत राहिलो. तोवर मला, आम्हा सगळ्यांनाच, हा सिनेमा म्हणजे हौस वाटत होती. त्या दुपारी कळलं की या बाईने अर्ज केला होता. भिंती भरून फॉइल नि दोन पानं संवाद हे सगळं त्या एका शब्दासाठी होतं, आणि तो आला नव्हता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, पाटणकरभाऊ, मी वाट पाहते तेवढं तुम्ही घ्या. मी विचारलं, किती वेळ? म्हणाल्या, मी सांगेपर्यंत. मी कॅमेरा चालू केला. त्या सीटबेल्ट लावून डॅशबोर्डकडे बघत बसल्या. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. मला आयुष्यात तेवढा लांब शॉट पुन्हा घेता आला नाही, आणि हात एकदाही हलला नाही.

गणपतीच्या कार्यक्रमाला शाळेच्या कॅफेटेरियात माणसं खच्चून. जेवण झालं की माणसं पांगतात म्हणून सिनेमा मसालेभाताच्या आधी ठेवला होता. पहिला गोंधळ पाचव्या मिनिटाला झाला. बाई यानात इकडून तिकडे चालल्या आणि प्रेक्षकांत खसखस पिकली. मला काही कळेना. मग बघितलं. बाईंच्या पायात लोकरीचे मोजे. नुसते मोजे. अख्ख्या सिनेमात अवकाशवीर मोज्यांवर हिंडत होती, कारण आमच्या घरात बूट दारातच काढतात, आणि चार महिने शूटिंग करताना बाईंच्या, माझ्या किंवा त्या दहा-बारा इंजिनिअरांच्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही की यानात माणूस बूट घालत असेल. बाईंनी कपाळावर हात मारला. पण त्याही हसत होत्या.

हळूहळू हसू थांबलं. उत्तरं उशिरा यायला लागली तशी बायका पदर सावरून बसल्या. ‘कोणता ताप?’ हे वाक्य आलं तेव्हा हसले ते पुरुष; बायका नाही हसल्या. आणि मग शेवट. तुम्ही येता का? आणि शांतता. अर्ध्या मिनिटाने लोक चुळबुळायला लागले. एकाने उठून टीव्हीला थाप मारली. कुणी ओरडलं, पाटणकर, आवाज गेला! मी अंधारात हात हलवत राहिलो की गेला नाही, असंच आहे. मग पडदा काळा झाला.

पुढचा तासभर मसालेभात कुणी धड खाल्ला नाही. अर्धे चिडलेले. हा काय शेवट आहे? येतो की नाही ते तरी सांगा. एक गृहस्थ म्हणाले, बाई एकटी पुढे जाते आणि नवरा मागे राहतो, आपल्याकडे शोभतं का हे? त्यांची स्वतःची बायको त्यांच्या शेजारी उभी होती. ती सगळ्यांदेखत म्हणाली, “मी मागे राहिले होते तीन वर्षं. तेव्हा बरं शोभलं.” ते गृहस्थ ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले. सुनंदा रडून आली होती आणि कबूल करत नव्हती. आमच्या मुलीला विचारलं कसा वाटला, ती म्हणाली, “इट्स सॅड, बट गुड,” आणि जिलबी आणायला गेली. घरी जाताना गाडीत सुनंदाचं नि माझं जुंपलं. मी म्हटलं, त्याने यायला हवं होतं. ती म्हणाली, का म्हणून? मग आठवडाभर तेच. गावात प्रत्येक घरात तेच. काही घरांत अजून आहे.

अण्णांना मात्र सिनेमा मनापासून आवडला होता. त्यांनी खटपट करून मिडवेस्टच्या मराठी मेळाव्यात तो लावायचं ठरवून आणलं. हजारभर माणसं. अट एकच: शेवट नीट करा. अण्णा आमच्या घरी आले, सोफ्यावर बसले आणि त्या भारदस्त आवाजात म्हणाले, एक शब्द तर आहे, मी म्हणतो. ‘येतो.’ त्यांनी म्हणूनही दाखवला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. काय म्हटला होता!

बाईंना तो मेळावा हवा होता, मला माहीत आहे. लॅबमध्ये रजाही टाकून ठेवली होती. मग म्हणाल्या, “अण्णा, माणूस जे बोलला नाही ते मी त्याच्या तोंडात घालू? लॅबमध्ये असं केलं तर मला काढून टाकतील.” अण्णा निघून गेले. मेळाव्यात दोन दारांचं फार्सिकल झालं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागल्यावर सर आले. आले ते सहा आठवड्यांसाठी, परतीचं तिकीट काढूनच. बारीक अंगाचे, मोठ्या चष्म्याचे, सगळ्यांना ‘जय भीम’ म्हणून नमस्कार करणारे. आमच्या अण्णांनीही तिसऱ्या दिवसापासून जय भीम म्हणायला सुरुवात केली. माणसं त्यांचा आवाज ऐकायला यायची. तुम्हीच का ते? सर लाजायचे. गावभर एकच चर्चा: राहणार की जाणार? बाईंनी विचारलं का? त्यांनी सांगितलं का? सुनंदा लॉन्ड्रीतून बातमी आणायची: नाही विचारलं.

सर परत जायच्या आधीच्या रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये पुन्हा सिनेमा लावला. सरांनी पाहिलाच नव्हता. आम्ही चौघं आणि अण्णा. मोजे दिसले तेव्हा सर खळखळून हसले. शेवटचा प्रश्न आला. शांतता सुरू झाली. मला वाटलं, ही टेप मध्येच फाटली तर बरं. सर गुडघ्यांवर कोपर ठेवून वाकून बघत होते, पाढा चुकलेल्या मुलाकडे बघावं तसे. टेप संपली. मी दिवा लावला.

सर म्हणाले, मला वाटलं होतं तू हे कापलं असशील. बाई म्हणाल्या, काहून कापू, तुमचंच आहे ते. मग सरांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांसमोर, मास्तरांना सवयच असते तशी, सरळ सांगून टाकलं. आईला सोडून येणं होत नाही. वर्गाच्या मुलींपैकी दोघी यंदा मॅट्रिकला आहेत, मागून सात येताहेत. तू परत ये असं मी सहा वर्षांत म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. फॉर्म मी भरला होता.

“झालं तुमचं?” बाई म्हणाल्या. “सहा वर्षं मी एका शब्दाची वाट पाहून राहिली. आत्ता पाहता पाहता समजलं, तो मी चुकीच्या माणसासाठी लिहिला. मला कोणी बोलावलं नाही. मला यायचं आहे. मी येते.”

अण्णा उठून फॉइलच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि सुनंदा, माझी सुनंदा, ताडकन उठून वर निघून गेली.

चार महिने ती बाईंशी नीट बोलली नाही. ग्रीन कार्ड, नोकरी, प्रमोशन, सगळं सोडून? आणि त्याने काय सोडलं? गावात पुन्हा दोन तट पडले, आणि या वेळी मला कुठल्या तटात जावं कळेना. मलाही राग आला होता. बाईंनी तिथे छोटी लॅब काढायचं ठरवलं होतं, वस्तीजवळ, त्या मुलींना हाताशी घेऊन. सगळं तपासून, कागदावर मांडून. तरी मी चिडलेला. फार नंतर माझ्या लक्षात आलं की तो राग बाईंवरचा नव्हताच. आम्ही सगळे दरवर्षी म्हणायचो, पाच वर्षं काढू आणि परत जाऊ. दर दिवाळीला म्हणायचो. त्या गेल्या. मला हेवा वाटत होता, दुसरं काही नाही.

सर बाईंना न्यायला दिवाळीच्या सुट्टीत परत आले. एकटीने सहा वर्षांचं सामान आवरणं शक्य नव्हतं, असं कारण दोघांनीही सांगितलं. आम्ही डेट्रॉइटच्या विमानतळावर पोचवायला गेलो. तेव्हा गेटपर्यंत जाता यायचं. सुनंदा आदल्या दिवशीच विरघळली होती. तिने डब्यात तिखटमीठाच्या पुऱ्या दिल्या होत्या. निघताना बाईंनी अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून बघितली आणि काही न बोलता तिला जवळ घेतलं. मला म्हणाल्या, पाटणकरभाऊ, तो लांब शॉट चांगला झाला. माझ्या कामाचं त्यांनी केलेलं ते एकमेव कौतुक.

मग दोघं विमानाकडे जाणाऱ्या त्या बोगद्यात शिरले. सरांच्या हातात मायक्रोस्कोपचं खोकं, बाईंच्या हातात डबा. आत शिरता शिरताच त्यांचं काहीतरी सुरू झालं; लॅबची जागा, खिडकी उत्तरेला की पूर्वेला, असलं काहीतरी. सर बोलत होते, बाई मध्येच तोडत होत्या, सर त्यांचं वाक्य संपू न देता पुढे बोलत होते. दोघंही एकाच वेळी बोलत होते, जोरजोरात, हातवारे करत. मागचे प्रवासी खोळंबले. आम्ही हात वर करून उभे होतो. वळणावर दोघं दिसेनासे झाले तरी आवाज येत होता.

आमच्याकडे वळून बघायचं त्यांचं राहूनच गेलं.